साडेचार गिरक्या

सातपूरच्या बर्फकारखान्यात, रात्री पावणेदोनला,
आवक-जावकच्या रजिस्टरला टेकवलेला मोईनचा मोबाइल.
नाकात अमोनिया, कानावर मफलर,
निफाडला पारा चारवर आलेला,
आणि आम्ही चौघं त्याहून गार काहीतरी बघायला जमलेलो.

खरा रिंक आमच्यातल्या एकानंही पाहिलेला नाही.
बर्फ म्हणजे लादी. आकड्यानं ओढायची,
गोणपाटात गुंडाळायची, भद्रकालीच्या मासळीवाल्यांना धाडायची.
तिच्यावर माणसं नाचतात हे मोईनला कळलं
तेव्हा तो म्हणाला होता,
"आयला, आपण नुसती विकतच बसलो."

आता तो रेन्जीचा. कट्टर.
ढिकलेकाका तोमाशचे.
काकांनी नोट प्रेसमध्ये तीस वर्षं
छापलेला कागद उजेडात धरून चूक शोधली,
अजूनही त्यांना आधी चूकच दिसते.
"पाव गिरकी चोरली रेन्जीनं. पाय बर्फावरच फिरवून घेतो,
जज झोपलेत."
"अन् तुमचा तोमाश? हात बघा त्याचे,
दोरीवर वाळत घातलेल्या शर्टासारखे."
"तू आकडे बघ, आकडे."
"आकडेच बघायचे तर मटका लावा की, काका."

रेवती खैरनार कुणाचीच नाही.
सिव्हिलमधली ड्यूटी संपवून आलेली,
ती पोरांच्या मानेची शीर बघते फक्त.
"हा झोपलेला नाही दोन रात्री," म्हणते,
आणि शेंगदाण्याची पुडी पुढे सरकवते.

तोमाश आला.
साडेचार गिरक्यांची ती उडी, जिची दोन वर्षं
साडेसातीसारखी चर्चा आम्ही केली,
ती त्यानं घेतली, आणि हवेतच कळलं.
खांदा, मग कंबर, मग सगळाच तो
बर्फावरून घसरत फळीपर्यंत.
पायाखालची वाळू सरकते म्हणतात.
इथे वाळूही नव्हती.

मोईन ओरडला नाही.
सहा वर्षं ज्याच्या पडण्याची वाट पाहिली
तो पडल्यावर त्यानं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

मग कॅमेरा मागच्या बोळात गेला.
रेन्जी भिंतीकडे तोंड करून उभा,
कानात काहीतरी घातलेलं,
पण तेवढ्या माणसांचा एकदम निघालेला "आऽऽ"
कापसानं अडत नाही.
आता त्याला फक्त पडायचं नव्हतं.
एवढंच.

मी गोल्फ क्लबच्या मैदानामागे, सिमेंटवर,
चौदाव्या वर्षापर्यंत चाकांवर होते.
जिल्हा स्पर्धेत पूर्वा गुळवे माझ्या आधी पडली
आणि मला आनंद झाला. दीड सेकंद.
मग माझं नाव पुकारलं.
त्या दीड सेकंदाचं काय करायचं
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.
हे मी या तिघांना सांगितलेलं नाही.

रेन्जीनं धाव घेतली, वळला, उडाला,
आणि उडी मध्येच उघडली, छत्रीसारखी.
एक गिरकी. साधी. शाळेतल्या पोरांची.
पडला नाही. उभाच होता.
ते जास्त वाईट दिसलं.

जिंकला तिसराच,
ज्याचं नाव काकांना दोनदा वाचावं लागलं.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
रेवतीनं मोईनचं मनगट कधी धरलं होतं कोण जाणे,
"एकशे बारा," ती म्हणाली, आणि सोडलं.
काकांनी चष्मा पुसला.
"कागद दमट असला की शाई पसरते," म्हणाले.
"छापणाऱ्याची चूक धरत नाहीत तेव्हा."
दोघांपैकी कुणाबद्दल, ते विचारलं नाही.

चारला टेम्पो आला.
मोईननं लादीला आकडा लावला, ओढली,
आकडा सुटला,
आणि ती ओल्या फरशीवरून सुटली ती
सरळ, लांब, आवाज न करता,
दाराच्या चौकटीवर जाऊन कोपरा फुटला.
मोईनचे दोन्ही हात तसेच हवेत.

आम्ही त्याच्याकडे बघत राहिलो.

"हात सुरेख होते," ढिकलेकाका म्हणाले.